डोमाजीभाऊंनी न पाहिलेली गाडी

डोमाजीभाऊ जुनी गाडी पाहायला गेले की सगळ्यात आधी चपला काढायचे. देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा, जोडीनं, एका बाजूला. मग बॉनेट उघडायचं सोडून, चाकाला लाथ मारायचं सोडून, सरळ मागच्या सीटवर जाऊन बसायचे. मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी गडवा. मालकाला म्हणायचे, "चालवा जी." मालक बिचारा स्वतःच्याच गाडीचा ड्रायव्हर होऊन गावाला एक फेरी मारून आणायचा आणि हे मागे डोळे मिटून बसलेले. परत आल्यावर गडव्यात पाणी किती उरलं आणि आपला पायजमा किती भिजला हे पाहूनच ते इंजिनाकडे वळायचे.

"पाहुण्याले इंजन दिसत नाही जी," ते म्हणायचे. "त्याले निस्ती पाठ हाय. म्हून आपन आधी पाठीनं पाहाचं."

ते वरठीजवळच्या एका खेड्यातले. आयुष्यभर एका राइस मिलवाल्याची गाडी चालवली. मिल बंद पडली तेव्हा साठीला टेकले होते. त्यानंतर कुणी नोकरी दिली नाही, पण त्यांच्याकडे एक निराळीच कामगिरी आपोआप चालत आली. मोहाडी, तुमसर, पार साकोलीपर्यंत कुणाला जुना ट्रॅक्टर, जीप, मोटार घ्यायची असली की आधी डोमाजीभाऊंना निरोप जायचा. मोबदला म्हणाल तर एक नारळ आणि दोन वेळा चहा. त्याहून जास्त कुणी हातात ठेवू लागलं तर म्हणायचे, "पैसे घेतले तं मंग चांगलीच सांगा लागते जी." गाडी विकणारे त्यांना टरकून असायचे. व्यवहार अडला की तिसराच कुणीतरी विचारायचा, "डोमाजीनं पायली काय?" पाहिली असेल तर विषय संपला. एवढं एकच त्या माणसाजवळ होतं, नाव. शेत नाही, पेन्शन नाही, डोक्यावर कौलं होती तीही गळकी.

ते नाव ज्या बाईनं घालवलं ती मीच. आता सत्तरी ओलांडल्यावर लिहायला बसले आहे, तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकते, नाहीतर मी पुढे गोड गोड लिहीन आणि तुम्ही मला भली बाई समजाल.

त्या काळात मी पंचेचाळीशीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आम्ही मोहाडीचे कोष्टी. आमच्या आळीत दिवसभर मागाचा आवाज. सासऱ्यांपासून कोशाच्या, म्हणजे रानातल्या रेशमाच्या, साड्यांचा व्यापार, पण तो नागपूरच्या चार दुकानांपुरता. नागपूरच्याच एका प्रदर्शनात मुंबईच्या एका मोठ्या साडीदुकानाच्या मालकीणबाई आमच्या गाळ्यावर थांबल्या. मोराच्या पदराची एक साडी त्यांनी उलटून पालटून पाहिली आणि म्हणाल्या, "दिवाळी के बाद आऊँगी. माग देखूँगी, कोसा कहाँ होता है वो भी देखूँगी." त्यांची मागणी आली असती तर आळीतले बंद पडलेले माग पुन्हा चालले असते. आमचे हे एवढंच म्हणाले, "चांगलं झालं," आणि मागावर ताणा लावायला गेले. मी मात्र त्या क्षणापासून जमिनीवर राहिले नाही.

मला वाटलं, एवढ्या मोठ्या बाईला काय काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून आणायचं? गाडी हवी. तीही अशी, की स्टेशनबाहेर पाहताक्षणी त्या म्हणाल्या पाहिजेत, "वा!" नवी झेपणारी नव्हती, म्हणून जुनी, पण चारचौघांत उठून दिसणारी. माझी नात आता म्हणते, "आजी, तू तेव्हा ब्रँडिंग करत होतीस." मी म्हणते, नाही गं पोरी, मिरवत होते. तेव्हा त्याला तोच शब्द होता.

गाडी पाहायला अर्थातच डोमाजीभाऊ. पहिली पाहिली ती तुमसरच्या एका डॉक्टरांची, आकाशी रंगाची, नवरीसारखी चकचकीत. भाऊ गडवा घेऊन बसले आणि अर्ध्या फेरीतच ओलेचिंब होऊन उतरले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, रंग कालचा हाय आन् ब्रेकच्या पायदानाचं रबर घासून कागद झालं. जिथी रंग नवा आन् पायदान जुनं, तिथी गाडी काहीतरी लपवून राहिली समजाचं." दुसरी गाडी साकोलीला पाहिली. तिथे तर ते गाडीजवळ गेलेच नाहीत. आधी शेजारच्या पानठेल्यावर गेले, पान लावून घेतलं, ठेलेवाल्याशी दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि येऊन म्हणाले, "चला वापस." मी म्हटलं, "अहो, पाहिली कुठे?" तर म्हणाले, "दोन वर्षाआधी नागझिऱ्याच्या रस्त्यानं झाडावर चढली होती. मालक तं नाही सांगनार. पानठेलेवाल्याले काय त्याचं?"

तिसरी भंडाऱ्यात, एका निवृत्त जजसाहेबांची. पांढरी, चौकोनी, आरशासारखी ठेवलेली. भाऊ मागे बसून आले तेव्हा गडव्यातलं पाणी तसंच होतं. मी त्यांचा चेहरा इतका प्रसन्न कधी पाहिला नव्हता. सीटवर हात फिरवून म्हणाले, "बाई, हेच घ्या. या गाडीत बसलेला मानूस कटकट नाही करत. झोपून जाते."

"मला पाहुणे झोपवायचे नाहीत, डोमाजीभाऊ," मी म्हटलं. "आणि ही अगदी तहसीलदाराची गाडी वाटते. पाहुणे उतरायच्या आधी लोक सातबारा घेऊन भोवती जमतील."

"जमू द्या जी. कामाचे लोक तं येतीन."

जजसाहेब हसले. मी हसले नाही. मला वाटलं, या माणसाला पांढऱ्यापलीकडे रंगच माहीत नाही. आठवडाभरानं मी त्यांना न सांगता एकटीच नागपूरला गेले.

तिथे एका जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात ती उभी होती. लांबलचक नाक, जांभळ्याकडे झुकणारा लाल रंग, मागे पंखासारखी उचललेली टोकं, आणि नाकाच्या शेंड्यावर पितळेचा मोर. पिसारा मागे टाकून झेपावणारा. मी मोराकडे पाहिलं आणि माझी अक्कल तिथेच गळून पडली. आमच्या पदरावर मोर, आमच्या गाडीवर मोर! योगायोग म्हणायचा की दैवी संकेत? विकणारा माणूस चतुर. म्हणाला, "बहनजी, एका संस्थानिकांच्या घरातली आहे." कुठल्या संस्थानिकांच्या, हे मी विचारलं नाही. टपावर चार लोखंडी कड्या होत्या. मी बोट दाखवताच म्हणाला, "शिकारीचं सामान बांधायचे." मला ते इतकं आवडलं, की घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात दोन वाघही मारले होते.

मागच्या सीटवर मी बसले नाही. पानठेल्यावर गेले नाही. पायदान? पायदानाचं रबर तर मला आठवतही नाही. त्याच्याच माणसाकरवी गाडी घरी आणवली आणि पाहुणे येईपर्यंत कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या पडवीत जुन्या साड्यांखाली झाकून ठेवली.

पाहुण्यांच्या दोन दिवस आधी डोमाजीभाऊंना बोलावलं. गाडी चालवायला त्यांच्याशिवाय कोण होतं? मी साड्या ओढल्या. भाऊ उभे राहिले. एक चक्कर मारली. मोराच्या चोचीवर बोट ठेवलं, टपावरची एक कडी हलवून पाहिली.

"बाई," ते म्हणाले, "हे गाडी मी…"

"डोमाजीभाऊ, घेऊन झाली आहे," मी त्यांना तोडलं. "आता खोड काढू नका. तुम्ही फक्त चालवायची."

त्यांनी कडीवरचा हात काढला. मग म्हणाले, "चालवतो जी. पन मी पायली नाही, एवढं ध्यानात ठेवजा."

"ठेवीन हो," मी म्हटलं. त्यांच्या हातात पितळी बटणांचा पांढरा कोट आणि टोपी दिली. आणि वर एक हुकूम. मी म्हटलं, "पाहुण्यांसमोर काही बोलू नका. तुमची भाषा त्यांना समजणार नाही. उगाच कसंतरी दिसतं."

"म्हंजे मुका राहू?"

"राहा ना दोन दिवस."

मी तेव्हा फार शुद्ध बोलायचे. धंदा वाढवायचा तर भाषा धुऊन घ्यावी असं माझं मत होतं. माझी आई अड्याळकडची, मरेपर्यंत तिनं मला 'तुले' म्हटलं. आणि मी एका म्हाताऱ्याला त्याच भाषेपायी गप्प बसवत होते.

पाहुणे सकाळच्या गाडीनं नागपूरला उतरले. त्या मालकीणबाई, म्हणजे मॅडम, काळा चष्मा, गुलाबी साडी; आणि त्यांचे मॅनेजर, हातात मोठी चौकोनी बॅग, कपाळावर कायमची आठी. गाडी पाहून मॅडम खरंच म्हणाल्या, "अरे वा!" मला आभाळ ठेंगणं झालं. डोमाजीभाऊ सामान ठेवता ठेवता माझ्याजवळ येऊन हळूच बोलले, "बाई, मोराचं एक सांगाचं होतं." मी म्हटलं, "मोराचं नंतर." ठरल्याप्रमाणे आधी अड्याळच्या बाजूला जायचं होतं, जंगलाकडेला ऐनाच्या झाडांवर कोसा होतो तो दाखवायला. भाऊंनी पुन्हा तोंड उघडलं, "तिकडून नोको जी. आधी मोहाडीच…" मी डोळे वटारले. ते मुके झाले.

आता दिवाळीनंतरचे दिवस आमच्याकडे कसे असतात, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. धान कापून झालेला असतो आणि गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच. दिवसा दुकानं, पाळणे, दंडारीची नाचगाणी, आणि रात्री नाटक. नाटकवाल्या मंडळी वडशाकडून येतात. त्या आमच्या मोहाडीच्या बाजूला क्वचित, पण अड्याळ, पवनी, लाखांदूरला घरोघर ओळखीच्या. त्यातल्या एका मंडळीजवळ एक गुलाबी मोटार होती. तिच्या टपावर चार कड्यांना दोन भोंगे बांधलेले. नाटकाच्या दिवशी दुपारी त्या गाडीत हिरोईनला बसवून गावातून फिरवायचे, भोंग्यावरून नाटकाचं नाव पुकारायचे. लोक त्या गाडीला मोरगाडी म्हणत. त्या उन्हाळ्यात मंडळीनं मोठी गाडी घेतली आणि ही नागपूरला विकून टाकली. तिथल्या त्या विकणाऱ्यानं गुलाबीवर जांभळा रंग चढवला. मोर तेवढा ठेवला, कारण मोरावर भाळणारी कुणीतरी शहाणी येईलच, हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

हे सगळं मला नंतर कळलं. डोमाजीभाऊंना पडवीतच कळलं होतं.

अड्याळच्या अलीकडे एका गावात मंडई होती. आम्ही वेशीपाशी पोहोचलो आणि पहिली आरोळी आली, "मोरगाडी आली बेऽ!" पाहता पाहता पन्नास-साठ पोट्टे गाडीमागे. "हिरोईन आली! हिरोईन आली!" रस्ता माणसांनी भरून गेला. भाऊंना गाडी उभी करावी लागली. काचेला नाकं चिकटली.

"कोन्ती बाई हाय बे?"

"नवीन दिसते. गोरी हाय."

"चष्मा उतरवा ना जी म्याडम!"

"आन् तो बाजूचा?"

"पेटी घेऊन बसला ना. पेटीवाला असन."

मॅनेजरांनी बॅग पोटाशी धरली. तेवढ्यात गर्दी सारत मंडईचे अध्यक्ष आले, फेटा बांधलेले, हातात ताट, ताटात नारळ आणि गुलाल. त्यांनी मॅडमचं दार उघडून हात जोडले. "या जी या! भोंगा नाही लावला काहून? तुमची खोली शाळेत ठेवली हाय. पंखा लावला. तबलजी मागून येऊन राहिले काय?" आणि कुणाला काही कळायच्या आत मॅडमच्या कपाळाला गुलाल लागला.

मॅनेजर माझ्याकडे वळले. "ये क्या है? ये किसकी गाड़ी है?"

मी म्हटलं, "हमारीच है साहब."

"नाटकवाल्यायची हाय ना जी," अध्यक्ष मोठ्या उत्साहानं मदतीला आले. "आमी का मोर ओळखत नाही?"

मॅनेजरांचा आवाज चढला. "नाटक कंपनी की गाड़ी में घुमा रहे हैं आप हमको? आपने गाड़ी देखके नहीं ली?"

मला डोळ्यांसमोर दिसलं, मॅडम आत्ता उतरतील, परत नागपूर, परत मुंबई. माझं हसं, आणि आळीतले माग तसेच जाळ्या लागलेले. मी काहीही बोलू शकले असते. खरं बोलू शकले असते, की हो साहेब, मी मोरावर भाळले, मी मूर्ख आहे. त्यानं कुणी मरत नाही. पण माझ्या तोंडून निघालं ते असं:

"हमको क्या मालूम साहब. इस ड्राइवर ने पसंद की. गाड़ी की परख है बोलता था, हमने भरोसा किया. इसको कुछ समझता नहीं."

हिंदीत बोलले, पण आमच्याकडे हिंदी कुणाला कळत नाही? अध्यक्ष वाकून पुढच्या खिडकीत पाहू लागले. त्यांचा ट्रॅक्टर डोमाजीभाऊंनी पाहून दिलेला होता. टोपीमुळे आधी त्यांनी ओळखलं नव्हतं.

"डोमाजी? तुमी?" ते म्हणाले. "तुमी पायली हे गाडी?"

डोमाजीभाऊंनी टोपी काढली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"पायली जी," ते म्हणाले.

"आन् मोर नाही दिसला तुमाले?"

"नाही दिसला."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. मॅनेजर पुटपुटले, "कैसे कैसे लोग रखते हैं." मी मान हलवली. हो, मी मान हलवली.

यातली सगळ्यात मोठी थट्टा पुढेच आहे. मॅडम रागावल्याच नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला, नारळ हातात घेतला, गाडीतून उतरून पोट्ट्यांना म्हणाल्या, "नाटक तो मुझे आता नहीं, साड़ी देखने आई हूँ." अध्यक्षांच्या घरी चिवडा खाल्ला, दंडार पाहिली, तास-दीड तास रमल्या. पुढे कोसा पाहिला, दुसऱ्या दिवशी माग पाहिले, आणि निघताना ऑर्डर दिली. माझ्या अपेक्षेपेक्षा मोठी. मला म्हणाल्या, "सबसे अच्छा तो वो गाँव था." म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती. एका माणसाचं नाव मी कशासाठी विकलं, तर कशासाठीच नाही.

पाहुण्यांना सोडून आल्यावर भाऊंनी गाडी पडवीत लावली. कोटाची घडी केली, वर टोपी, त्यावर किल्ली. मी म्हटलं, "डोमाजीभाऊ, त्या वेळी मला काही सुचलं नाही."

"हो जी."

"तुम्ही का हो म्हणालात? नाही म्हणायचं होतं."

"पाहुण्यायसमोर तुमाले खोटं पाडू?" ते म्हणाले. मग किल्ली माझ्याकडे सरकवत, "ऑर्डर भेटली ना?"

"भेटली."

"बरं झालं. आळीतले माग चालतीन."

"मी सांगीन सगळ्यांना. खरं काय ते सांगीन."

"सांगजा," ते म्हणाले आणि चपला घालून गेले.

मी सांगणारच होते. आधी म्हटलं, मंडईचे दिवस संपू देत. मग म्हटलं, ऑर्डर पुरी होऊ दे, मध्येच मॅडमच्या कानावर गेलं तर? मग कुणाकुणाकडे लग्नं निघाली. न सांगायला मला कधी कारण कमी पडलं नाही. बोलायला मी एवढी फाजील, आळीत माझ्या तोंडाला लोक भीत. पण हे एक वाक्य काही तोंडातून निघालं नाही.

तोवर गोष्ट माझ्या आधी गावोगाव पोहोचली होती. नाटकवाल्यांना तर आयतंच मिळालं. त्यांच्या विनोदी नटानं त्या हंगामात एक नवीच जागा घातली: मुलगी पसंत पडत नाही, तर म्हणे, "डोमाजीले दाखव ना बे! मोर सोडून सगळं पायते!" हे मला मोहाडीच्या बाजारात एका वांगीवालीनं सांगितलं, हसून हसून. आणि मीही हसले. खोटं नाही सांगत, तिच्याएवढंच मोठ्यानं हसले. न हसते तर तिनं विचारलं असतं, तुमाले काहून हासू नाही येत बाई? मी वांगी घेतली, घरी आले आणि ती चुलीवर करपेपर्यंत तिथेच बसून राहिले.

मोरगाडी मी एका बँडवाल्याला देऊन टाकली. तिथे ती सुखानं नांदली. पुढे दुसरी जुनी गाडी घ्यायची वेळ आली. पांढरीच घेतली, मुकाट्यानं. पाहायला डोमाजीभाऊंना बोलावलं नाही. कोणत्या तोंडानं बोलावणार? लोकांना मात्र वाटलं, हिचे हात पोळले म्हणून बोलावलं नाही. त्यांना बोलावणं सोडणारी पहिली मीच. मग दुसऱ्यानं सोडलं, मग तिसऱ्यानं. दोनेक वर्षांत कुणाच्या तोंडी "डोमाजीनं पायली काय?" उरलं नाही.

दिवाळीला मी धोतरजोडी आणि चिवडा पाठवायचे. ते ठेवून घ्यायचे आणि निरोप यायचा, "बाईले नमस्कार सांगजा." पुढे ते वरठीच्या चौकात दिसायचे, कुणाच्या दुकानाच्या फळीवर बसलेले. नवी गाडी रस्त्यानं गेली की मान तिच्यामागे वळायची. मी गाडीतून जायचे तेव्हा काच वर करून घ्यायचे. धूळ येते म्हणून, असं ड्रायव्हरला सांगायचे.

दोन वर्षांमागे कळलं, भाऊंनी अंथरूण धरलंय. मी गेले. खाटेवर अगदी मूठभर उरले होते. त्यांची बायको सखुबाई काळा चहा ठेवून चुलीकडे गेली. मी त्यांचा हात धरला आणि इतक्या वर्षांनी ते वाक्य बाहेर काढलं. "डोमाजीभाऊ, ती गाडी मी निवडली होती. दोष तुमच्यावर टाकला. मला माफ करा."

त्यांनी छपराकडची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "बाई, हे मले माहीत हाय. तुमालेही माहीत हाय. आपल्या दोघायले सांगून काय फायदा? ज्यायले माहीत नाही, त्यायले सांगा."

"सांगते," मी म्हटलं. "या वेळी नक्की."

ते जरासे हसले. "सांगजा," म्हणाले.

आणि मी घरी आले. वाटलं, पाऊस संपला की मंडईच्या दिवसांत सांगू, चार गावचे लोक भेटतात. मी स्वतःला अशी ओळखते, तरीही मला ते पटलं.

भाऊ पावसातच गेले.

तेरवीला बरीच माणसं होती. पंगत बसली होती. ते मंडईचे अध्यक्षही आले होते, आता काठी टेकत. जेवता जेवता कुणीतरी म्हणालं, वाईट हेतूनं नव्हे, प्रेमानंच, "मानूस सोन्यासारखा होता जी. एक गाडी चुकली, बस." दोघं-तिघं हसले.

मी पानावरून उठले. हात उष्टा होता. शुद्ध भाषा कुठे गेली कोण जाणे, आईची आली तोंडात. "नाही चुकली," मी म्हटलं. "ते गाडी मी घेतली होती. डोमाजीभाऊनं पायलीच नोती. ते सांगून राहिले होते, मीच बोलू देल्लं नाही. आन् तुमच्यासमोर खोटं नाव त्यायचं घेतलं. माह्या इज्जतीसाठी त्यायनं हो म्हटलं."

वाढणारा वरणाची बादली घेऊन तसाच उभा राहिला. अध्यक्ष मान खाली घालून बसले होते. शेवटी तेच म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखे, "मंग आमी त्याले बोलावनं काहून सोडलं?"

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले. सखुबाई तिथे होती. तिनं माझ्या हातावर पाणी घातलं. ती रागावेल असं वाटलं होतं, निदान रडेल. ती नुसतं म्हणाली, "तुमी येऊन गेल्या ना बाई, मंग ते रोज संध्याकाडी इचारत. कोनी आल्तं काय वं, म्हनत. मी म्हनो, कोन येते आता? तं म्हनत, बाईनं सांगतलं असन तं येईन कोनी, गाडी पाहाले बोलवाले. उठता येत नोतं त्यायले. तरी सदरा धुऊन खुंटीले लावून ठेवाले सांगतला होता."

पाणी संपलं तरी मी हात पुढे धरून होते.

"मी त्यायले म्हटलं होतं, ते बाई नाही सांगत," सखुबाई म्हणाली, आणि रिकामा लोटा घेऊन आत गेली.